पुढची साथ आली तर कॅज्युअल्टीतला स्टाफ आजारी पडू नये म्हणून पावसाआधी काय करून घ्यावे?

बिमली (धागाकर्ती)

गोव्यातल्या एका तालुका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीचा आराखडा करायचा आहे. नाव-गाव सोडते, मापे सांगते. मुख्य हॉल १२ × ७ मीटर, छत ३.३ मीटरवर. ट्रॉल्या आठ, गर्दीत दहा. स्प्लिट एसी चार. ते बसवताना पश्चिमेच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या. शेजारी ५ × ४ × ३ मीटरची रिससिटेशनची (अत्यवस्थ रुग्णाला सावरायची) खोली, दार एकच. स्टाफची चहाची खोली ३ × ३ मीटर, तिला खिडकीच नाही.

२०२० मध्ये सगळीकडे जोर पीपीई किट, थर्मल गन आणि सॅनिटायझरच्या बोगद्यावर होता. पुढच्या वेळी फ्लू असो, निपाह असो की कोविडचाच नवा अवतार, डॉक्टर, सिस्टर, एमटीएस (सफाई-मदतनीस कर्मचारी) आणि ॲम्ब्युलन्सवाले यांच्यात लागण कमी व्हावी यासाठी आत्ता काय करता येईल? 'मास्क लावा, हात धुवा' हे माहीत आहे. मापे सांगा, आणि कुठे चुकते ते सांगा.

खारेवारे

आधी हिशेब. हॉलचे आकारमान साधारण २७७ घनमीटर. नैसर्गिक वायुवीजनासाठी डब्ल्यूएचओचा आकडा दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, आणि ट्यूब टाकणे (श्वासनलिकेत नळी घालणे) वगैरे एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक थेंब, उडवणारी कामे चालतात तिथे १६०. दहा रुग्ण धरा: सेकंदाला ६०० लिटर, म्हणजे तासाला २,१६० घनमीटर. २७७ ने भागा. तासाला जवळजवळ आठ वेळा हवा बदलायला हवी. स्प्लिट एसी हवा बदलत नाही, आतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर मारतो. खिडक्या बंद असताना तुमच्या हॉलला ताजी हवा मिळते ती दार उघडते तेवढीच.

याचा कामावर परिणाम असा. तासाला २ वेळा हवा बदलत असेल तर हवेत राहिलेले ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटे लागतात. ६ वेळा असेल तर ४६, १२ वेळा असेल तर २३. हे आकडे हवा नीट ढवळली जाते असे धरून आहेत. कोपऱ्यात अडकलेली हवा याहून जास्त वेळ घेते. रिससिटेशनमध्ये ट्यूब टाकली, रुग्ण वर हलवला, आणि दहा मिनिटांत एमटीएस साधा सर्जिकल मास्क लावून फरशी पुसायला गेली, तर डॉक्टरपेक्षा तिलाच धोका जास्त.

रिससिटेशनच्या खोलीला १२ बदल हवेत: ६० × १२ = तासाला ७२० घनमीटर, सुमारे ४२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, डक्ट आणि पावसाचे झाकण लागले की तो निम्म्यावरही येतो, म्हणून दुप्पट क्षमतेचा घ्या आणि बसवल्यावर मोजा. ३०० मिलिमीटरच्या पंख्याचे तोंड ०.०७ चौरस मीटर. ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) तोंडावर पाच-सहा ठिकाणी धरून सरासरी सेकंदाला २.८ मीटर दिसली तर ७२० भरले.

पंखा रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला, छताला चिकटवून नव्हे तर ट्रॉलीच्या उंचीच्या आसपास. हवा दाराखालून यावी, स्टाफच्या पाठीवरून रुग्णाकडे जावी आणि बाहेर पडावी. बाहेरचे तोंड पॅसेज, खिडकी किंवा नातेवाईक बसतात त्या कट्ट्याकडे नको.

दुधसागर१२

कागदावर ठीक आहे. जूनमध्ये पाऊस आडवा आत येतो तेव्हा पश्चिमेची खिडकी उघडी कोण ठेवणार? आणि डासांचे काय? डेंग्यूच्या हंगामात कॅज्युअल्टीत जाळीशिवाय खिडकी कोणी उघडू देणार नाही.

खारेवारे

खरे आहे, आणि आराखडे इथेच फसतात. तरी हवा आत घ्यायची बाजू पश्चिमच ठेवा. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, पावसाळी वारेही नैर्ऋत्येकडूनच. पश्चिमेच्या भिंतीत एक्झॉस्ट बसवलात तर पंखा दिवसभर वाऱ्याशी भांडत राहतो आणि कधीकधी वाराच जिंकतो. पश्चिमेला प्रवेश, पूर्वेला पंखे. रात्री मतलई वारे उलट वाहतात, पण ते मंद असतात, पंखा त्यांना पुरून उरतो.

पावसासाठी संपूर्ण खिडकी नको. वरच्या भागात झरोक्यासारखी पट्टी काढा, बाहेर ६० सेंटीमीटरचा छज्जा, ४५ अंशांत तिरपे ॲल्युमिनियम लूव्हर, आत काढता येणारी जाळी. जाळीने हवा कमी होते, म्हणून उघडे क्षेत्र हिशेबापेक्षा मोठे ठेवा आणि जाळी महिन्याला धुवा. धूळ आणि शेवाळ धरलेली जाळी म्हणजे भिंतच. लोखंडी गॅल्व्हनाइज्ड शटर घेऊ नका. शिगम्याला बसवलेले शटर खाऱ्या हवेत चवथीपर्यंत गंजून अर्धे उघडे अडकते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा जात नाही.

एसी २४ वर ठेवायचा हट्ट सोडा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने २०२० मध्ये दिलेला पल्ला २४ ते ३० अंश आणि ४० ते ७० टक्के आर्द्रता असा होता. आपल्याकडे जुलैत बाहेरच ८५-९० टक्के असते, त्यामुळे ताजी हवा घेतली की ७० गाठणे कठीण. २६-२७ वर एसी, छताचा पंखा मंद, आणि ड्रेनची नळी तुंबली नाही ना हे दर आठवड्याला बघणे, इतके जमते.

धो-धो पावसात झरोके मिटावेच लागले तर हेपा यंत्रे (हवेतले बारीक कण गाळणारी). तासाला ४०० घनमीटर शुद्ध हवा देणारी तीन यंत्रे म्हणजे १,२००, तुमच्या हॉलला चार बदलांहून थोडे अधिक. खरेदी करताना कमाल वेगाचा आकडा धरू नका. त्या वेगात आवाज इतका असतो की दुसऱ्याच पाळीला कोणीतरी बटण खाली आणते. मधल्या वेगाचा आकडा मागा, त्यावर यंत्रे किती ते ठरवा. आयोनायझर आणि ओझोनवाली यंत्रे दारातूनच परत पाठवा.

एक कार्बन डायऑक्साइड मीटर भिंतीवर लावा, एनडीआयआर (इन्फ्रारेडने मोजणाऱ्या) सेन्सरचा, डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर. उघड्यावर नेला की ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) आसपास दाखवला पाहिजे. आत ८०० ओलांडले की हवा कमी पडते आहे. हेपा यंत्र हा वायू कमी करत नाही, त्यामुळे यंत्रे चालू असताना मीटर वाईटच दाखवेल. तेव्हा आकडा वाचताना झरोके उघडे होते की मिटलेले तेही नोंदवा. रात्री दोनच माणसे असताना ५५० दिसले म्हणून खूश होऊ नये.

सुरंगी

हवेचे झाले, आता मास्ककडे येते. भांडारातले एन९५ म्हणजे संरक्षण, असा समज असतो. कापडाची गाळणक्षमता ९५ टक्के असते, पण नाकाच्या बाजूला फट राहिली तर हवा कापडातून न येता तिथूनच येते. भारतीय मानक आयएस ९४७३ खाली एफएफपी२ (एन९५ च्या जवळचा वर्ग) येतो. तो शिक्का बघा, पण शिक्का तुमच्या चेहऱ्याबद्दल काही सांगत नाही.

त्यासाठी फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी). सॅकरिन (गोड) किंवा बिट्रेक्सचा (कडू) संच आणि डोक्यावर घालायचा हुड लागतो. आधी मास्कशिवाय, पातळ द्रावणाने माणसाला चव लागते का बघायचे: १० दाबांत लागली, २० मध्ये की ३० मध्ये, ते लिहायचे. ३० मध्येही लागली नाही तर दुसरे द्रावण घ्या. मग तोंड धुऊन मास्क लावायचा, दाट द्रावण तेवढ्याच दाबांनी सोडायचे आणि दर ३० सेकंदांनी निम्मे पुन्हा. त्या वेळात सात कामे, प्रत्येकी एक मिनिट: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने बोलणे, कमरेतून वाकणे, पुन्हा साधा श्वास. चव लागली की तो मास्क त्या चेहऱ्याला नाही. चाचणीआधी १५ मिनिटे पाण्याशिवाय काही खायचे-प्यायचे नाही. चहा पिऊन आलेल्याचे निकाल फुकट जातात.

कानात अडकवायच्या दोऱ्यांचे मास्क या चाचणीत डोक्यामागच्या पट्ट्यांच्या मास्कपेक्षा बरेच जास्त नापास होतात. म्हणून एकाच कंपनीचा मोठा साठा करू नका. कपासारखा, घडीचा आणि बदकाच्या चोचीसारखा असे तीन आकार थोडे थोडे घ्या, आणि कोणाला कोणता बसतो त्याची यादी भांडाराच्या दारावर लावा. यादी नसली की साथीत जो हाताला लागेल तो दिला जातो. दाढीवर कुठलाच बसत नाही, यात सूट नाही.

झडपवाला एन९५ घालणाऱ्याला वाचवतो पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये याबाबत राज्यांना सावध केले होते.

तुटवड्यात पुन्हा वापरायची वेळ आली तर प्रत्येकाला पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, वर नाव आणि वार. क्रमाने वापरायचे. एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवायचा नाही. ओला झाला, डागाळला, पट्टी सैल पडली तर त्याआधीच टाकायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्या हवेत तो सुकतच नाही. अल्कोहोल फवारू नका, साबणाने धुऊ नका: कापडावरचा विद्युतभार जातो आणि मास्क दिसायला नवा, गाळायला निकामी होतो. बजेट असेल तर रबरी इलॅस्टोमेरिक हाफ मास्क घ्या. कडक फिल्टर महिनोन्महिने चालतात. बोलणे घुसमटते, फोनवरून बेड मागताना वैताग येतो, पण तुटवड्यात दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागत नाही.

पोईचहा

किट उतरवण्याबद्दल कोणीच लिहिले नाही. चढवताना चुकले तर दुसरा सांगतो. उतरवताना माणूस दमलेला, घामेजलेला, घाईत आणि एकटा असतो.

माझे स्पष्ट मत: कव्हरऑल (डोक्यापासून पायापर्यंतचा चेनवाला एकसंध पोशाख) सोडा, मागे बांधायचा पाणी न शोषणारा गाऊन आणि फेस शील्ड वापरा. कव्हरऑल उतरवताना चेन गळ्यापासून खाली ओढावी लागते, म्हणजे मळका ग्लोव्ह हनुवटीपाशी जातो, आणि पाय काढताना तोल जातो. शिवाय आपल्या उकाड्यात दोन तासांत चष्मा धुकट होतो आणि हात नकळत त्याकडे जातो. उष्म्यामुळे कव्हरऑलची पाळी चार तासांपुढे नेऊ नये. आत जाण्याआधी अर्धा लिटर पाणी.

गाऊन असेल तर क्रम असा. बाहेरचा ग्लोव्ह काढा, सॅनिटायझर. गाऊनच्या गाठी मागून सोडा (सोबतीने सोडल्या तर उत्तम), खांद्यापासून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढा, सॅनिटायझर. शील्ड मागच्या पट्टीला धरून पुढे झुकून काढा, सॅनिटायझर. आतला ग्लोव्ह काढा, सॅनिटायझर. मग खोलीबाहेर या, दार मिटा, सॅनिटायझर, आणि तेव्हाच मास्क. मास्कची खालची पट्टी आधी डोक्यावरून पुढे, मग वरची. वरची सोडताना मास्क आपोआप पुढे लोंबतो, त्याला हाताने झेलायचे नाही, पट्टीनेच पिशवीत टाकायचे. हात धुवायचे.

नेहमीची चूक मास्कपाशी होते. वरची पट्टी आधी काढली की मास्क गळ्यात लोंबतो आणि माणूस तो समोरून पकडतो.

सॅनिटायझर हातावर २०-३० सेकंद ओला राहिला पाहिजे, म्हणजे सुमारे ३ मिलिलिटर. एका उतरवण्यात हात धुणे धरून सहा वेळा, १८ मिलिलिटर. दिवसाला ३० जण उतरले तर ५४० मिलिलिटर. अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे संध्याकाळपर्यंत रिकामी, आणि मग रात्रपाळीवाले चार टप्पे गाळतात. त्या ठिकाणी दोन बाटल्या, उभा आरसा, पायाने उघडणाऱ्या दोन बादल्या आणि समोर क्रम मोठ्याने वाचणारा एक माणूस. तो वाचणारा असला की बाकी सगळे सुधारते.

कचरा: वापरलेले मास्क, टोप्या, कापडी गाऊन पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह, गॉगल, शील्ड, प्लॅस्टिकचे कव्हरऑल लाल पिशवीत. कोविडच्या वेळी केंद्रीय प्रदूषण मंडळाने दुहेरी पिशवी सांगितली होती. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची. दाबून हवा काढायची नाही, ती हवा तोंडावर येते.

ट्यूबआणिकफ

रिससिटेशनच्या खोलीत तीन माणसे पुरेत: ट्यूब टाकणारा (हजर असलेल्यांत सगळ्यांत अनुभवी, शिकाऊ नव्हे), मदतनीस, औषधे देणारी सिस्टर. चौथा दाराबाहेर किट घालून तयार.

आधी ३ ते ५ मिनिटे घट्ट मास्कने ऑक्सिजन. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबायची नाही. दाबावीच लागली तर दोन्ही हातांनी मास्क धरून, हळू आणि छोटे श्वास. मास्क आणि बॅगच्या मध्ये व्हायरल फिल्टर. फिल्टर बॅगच्या झडपेच्या पलीकडे लावला तर त्याचा उपयोग शून्य, आणि घाईत नेमके तेच होते. म्हणून बॅग, फिल्टर, मास्क आधीच जोडून झाकून ठेवा. रोकुरोनियम (स्नायू शिथिल करणारे औषध) किलोमागे १.२ मिलिग्रॅम, पूर्ण ६० सेकंद थांबा. शिथिल न झालेला रुग्ण खोकतो तो थेट तुमच्या चेहऱ्यावर. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारे उपकरण) असेल तर तोच, चेहरा हातभर लांब राहतो. ट्यूब गेली की आधी कफ (ट्यूबभोवतीचा छोटा फुगा) फुगवा, मग व्हेंटिलेटर. सर्किट सोडायचे असेल तर ट्यूबला क्लॅम्प आणि व्हेंटिलेटर स्टँडबायवर.

डोक्यावर ठेवायच्या पारदर्शक पेट्या घेऊ नका. हात अडकतात, वेळ वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने हवा न ओढणाऱ्या अशा पेट्यांची आणीबाणीची परवानगी ऑगस्ट २०२० मध्ये मागे घेतली.

दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राऐवजी) स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी. साल्ब्युटामॉल ४ ते ८ पफ, एकेक वेगळा, गरजेप्रमाणे पहिल्या तासात दर २० मिनिटांनी. एका कॅज्युअल्टीला दहा-बारा स्पेसर पुरतात, पण साठ्यात ते क्वचितच असतात. आणि ऑक्सिजनच्या नळीवरून रुग्णाला सर्जिकल मास्क: सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तोच विसरला जातो.

तिखटसांगा

फवारणी आणि यूव्ही दिवे यांचे काय? संध्याकाळी फॉगिंग केले की स्टाफला धीर येतो.

खारेवारे

धीर येतो हे मान्य, पण त्यासाठी माणसांना खोलीबाहेर काढून, पुन्हा हवा भरून घेण्यात जो वेळ जातो त्यात दोन रुग्ण तपासून होतात. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असे आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते. यूव्हीचा २५४ नॅनोमीटरचा दिवा छताजवळच्या हवेवर मारला तर काम करतो. तुमच्या हॉलचे छत ३.३ मीटर, त्यामुळे शक्य आहे, पण किरण खाली सांडत नाहीत ना हे मोजणारा माणूस हवा. सांडले तर डोळे लाल, कातडी भाजते. फिरत्या गाडीवरचा उघडा यूव्ही दिवा मात्र नको.

सुरंगी

हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक) प्रमाण सगळीकडे चुकते, म्हणून एकदाच. पाण्याचे भाग = (बाटलीवरचे टक्के ÷ हवे ते टक्के) − १. बाटली ५ टक्क्यांची आणि १ टक्का हवा: ५ − १ = ४, म्हणजे एक मग हायपोला चार मग पाणी. ०.१ टक्का हवा: ५० − १ = ४९. बाटली १० टक्क्यांची असेल तर हिशेब वेगळा, आणि भांडारातून कधी ही येते, कधी ती. जुन्या बाटलीचा चिकटवलेला कागद बघून पाणी मोजणे ही नेहमीची चूक. आधी पुसून घाण काढा, मग हायपो, १० मिनिटे ओले ठेवा. रोज नवीन बनवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडमधला साठा लवकर उतरतो, म्हणून सावलीत, झाकून. ॲसिड किंवा अमोनियावाल्या क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका. मॉनिटर आणि धातूला ७० टक्के अल्कोहोल.

पोईचहा

चहाच्या खोलीवर कोणी बोलत नाही म्हणून मीच. ३ × ३ × ३ म्हणजे २७ घनमीटर, खिडकी नाही. त्यात पाच जण मास्क काढून भाजीपाव खातात आणि हसत बोलतात. कॅज्युअल्टीत आठ तास जे सांभाळले ते तिथे पंधरा मिनिटांत घालवतात. रुग्णाला सगळे घाबरतात, सहकाऱ्याला कोणी घाबरत नाही.

ती खोली साथीपुरती कुलूप लावून बंद करा. इमारतीच्या पूर्वेला, पण पंख्यांच्या तोंडापासून लांब, पत्र्याखाली उघडा सोपा काढा, गोव्याच्या जुन्या घरांना बाल्कांव असतो तसा. समोरासमोर बाक नकोत, एका रेषेत दोन-दोन मीटरवर. एका वेळी तीनच. कपडे बदलायच्या खोलीचेही हेच, आणि पाळीच्या हस्तांतराचेही: वीस जण ट्रॉलीभोवती गोळा होण्यापेक्षा बाहेर, किंवा फोनवर.

मतलई

ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे कोणी पाहिले नाही. चालकाची केबिन आणि मागचा भाग यांत दुभाजक असेल तर मधली खिडकी बंद. दोन्हीकडचा एसी बाहेरची हवा घेण्यावर, आतली फिरवण्यावर नाही. मागचा एक्झॉस्ट पूर्ण वेगात. दुभाजक नसेल तर चालकाकडचे बाहेरच्या हवेचे व्हेंट उघडे आणि मागचा पंखा जोरात, म्हणजे हवा पुढून मागे जाते. पेडणे किंवा काणकोणहून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंतची (गोवा मेडिकल कॉलेज) फेरी लांब असते, तेवढा वेळ चालकालाही एन९५ हवा. रुग्ण उतरवल्यावर मागचे दार उघडे ठेवूनच गाडी पुसायची. गोमेकॉच्या रांगेत थांबताना इंजिन बंद केले की पंखाही बंद पडतो. तेव्हा दारे उघडा.

आणि ड्युटी. गट पक्के ठेवा, या गटातले त्या गटात नको, म्हणजे एक आजारी पडला तर अख्खी कॅज्युअल्टी बसत नाही. ताप किंवा घसा दुखत असेल तर हजेरीआधी टेस्ट. अँटिजन निगेटिव्ह आली तरी लक्षणे असतील तर घरी. कंत्राटी एमटीएसचा पगार रजेने कापला जात असेल तर तो ताप लपवणारच. आजारपणाच्या रजेत पगार कापणार नाही असे पत्र प्रशासनाकडून आत्ताच लिहून घ्या, साथीत कोणी सही करत नाही. २००३ च्या सार्समध्ये जगभरातल्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचारी होते, आणि २०१८ मध्ये कोळिकोडच्या निपाहमध्ये बहुतेक लागण इस्पितळांतच झाली. अपघाताचा रुग्ण आला म्हणून ताप विचारायचा राहतो, त्यालाही आल्याआल्या मास्क.

बिमली

खूप उपयोगी. सोपा मंजूर होईल असे दिसते, पत्रा आणि बाक आहेतच. पश्चिमेचे सील काढणेही जमेल. पण या वर्षी पंखा एकच मिळणार. हॉलला की रिससिटेशनला?

खारेवारे

रिससिटेशनला. हॉलला झरोके आणि समोरचे दार मिळून काहीतरी भागते, त्या खोलीला काहीच नाही. बसवणारा गेल्यावर उदबत्ती लावून दाराच्या बोटभर फटीपाशी धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. ही चाचणी एसी चालू ठेवून करा, आणि एकदा हॉलचे मोठे दार उघडे ठेवून करा. दार उघडल्यावर धूर बाहेर वळत असेल तर पंखा कमी पडतोय. अशा वेळी दाराखालची फट कमी करा, पण पूर्ण बुजवू नका, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच मिळणार नाही.